पर्यावरण धोरणावर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

नवखा_पुणेकर: पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालंय. धोरण-विश्लेषण आणि मराठी लेखन दोन्ही करायचंय. आधी काय शिकू?

मुठाकाठ: कायदा. २००६ ची ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचना मुळातून वाचा. मग केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ पोर्टलवरचा एखाद्या प्रकल्पाचा ईआयए अहवाल उतरवून घ्या आणि मराठी सारांश मूळ इंग्रजीशी ताडून बघा. अडचणीचे आकडे बरेचदा तिथेच गळतात. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी लागते. लेख त्या मुदतीत आला तर उपयोग, नंतर नुसती हळहळ.

टेकडीवाला: राष्ट्रीय हरित लवादाचं (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं) पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे, निकाल वाचत जा. लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ खालचा अर्ज सहा महिन्यांत, कलम १६ चं अपील ३० दिवसांत. सबळ कारण दाखवलं तर दोन्हींत आणखी ६० दिवसांपर्यंत. या दोन मुदतींची गल्लत झाली की लेख फुकट.

मुठाकाठ: +१. आणि मानधनावर घर चालत नाही हो, अहवाल-संपादनाची कामं धरा.