स्वरयंत्र काढायचे पैसे विमा देतो, मग आवाजाचे का नाही?

सातारकर
गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे वडिलांचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. ऑपरेशन, आयसीयू, रेडिएशन, सगळा क्लेम मंजूर झाला. मग डॉक्टरांनी इलेक्ट्रोलॅरिंक्स लिहून दिलं. मानेला टेकवायचं कंप पावणारं यंत्र असतं, ओठ हलवले की शब्द उमटतात. त्याचं बिल मात्र ‘बाह्य उपकरण’ असा शेरा मारून परत आलं.

यंत्र येईपर्यंत दोन महिने वडील पाटीवर लिहायचे. आई चौथी शिकलेली, घाईतलं अक्षर तिला लागत नाही. चहात साखर कमी पडली एवढं सांगायलासुद्धा ते मी कामावरून यायची वाट बघत बसायचे. ज्या ऑपरेशनने बोलणं गेलं, त्याच उपचाराचा भाग म्हणून ते परत मिळायला हवं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संप्रेषणा’च्या व्याख्येत पर्यायी साधनं स्पष्ट धरली आहेत. विमा कंपन्यांच्या लेखी ती अजून वॉकर आणि थर्मामीटरसारख्या, पैसे न मिळणाऱ्या वस्तूंच्या रांगेतच आहेत.

विमावाला
22 वर्षं आरोग्य विम्यात आहे. तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं, तरी पटत नाही. घरी न्यायच्या वस्तू एकदा पॉलिसीत घेतल्या की मर्यादा कुठे आखायची? आज इलेक्ट्रोलॅरिंक्स, उद्या बोलणारं अ‍ॅप टाकलेला टॅब, आणि तो टॅब घरात कोण वापरतंय हे तपासणार कोण? पैसा शेवटी सगळ्यांच्या प्रीमियममधूनच जातो. प्रीमियम वाढला की पॉलिसी आधी सोडतात ते पेन्शनवर जगणारे, हे मी दर वर्षी बघतो. साधनं द्यायला केंद्राची एडिप योजना आहे. हे काम सरकारचं आहे.

वाचाउपचार_पुणे
स्पीच थेरपिस्ट म्हणून सांगते, ‘आतलं की बाहेरचं’ ही कसोटीच चुकीची आहे. पेसमेकर शरीराच्या आत बसतो म्हणून विम्याला चालतो. स्वरयंत्र काढलेल्यांना बोलता यावं म्हणून श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये एक छोटी झडप बसवतात. ऑपरेशनच्या वेळीच बसवली तर हॉस्पिटलच्या बिलात जाते. काही महिन्यांनी ती गळायला लागते आणि बदलावी लागते, पण ते काम ओपीडीत होतं, म्हणून खर्च रुग्णाच्या खिशातून. परदेशी झडप हजारोंच्या घरात जाते. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची झडप साधारण 50 रुपयांत बनवून दाखवली. म्हणजे विम्यासोबत किमतीवरही बोलायला हवं.

डेट्रॉइटकर
अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, 2000पर्यंत टाइप केलं की बोलून दाखवणाऱ्या यंत्रांना ‘सोयीची वस्तू’ म्हणून नाकारायचं. 1 जानेवारी 2001पासून ती वैद्यकीय उपकरणं धरली जातात आणि मंजूर रकमेचे 80 टक्के मिळतात. स्पीच थेरपिस्टची लेखी तपासणी मात्र सक्तीची. विमावाले, तुमच्या ‘तपासणार कोण’चं हे उत्तर. पुढे यंत्र भाड्याने देण्याचा नियम आला; नर्सिंग होममध्ये, म्हणजे दीर्घ देखभालीच्या केंद्रात, गेलं की मेडिकेअर ते भाडं देणं थांबवायचं, आणि रुग्णांची पंचाईत झाली. एएलएस (हळूहळू स्नायू आणि बोलणं निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) झालेले अमेरिकन फुटबॉलपटू स्टीव्ह ग्लीसन यांच्या नावाचा कायदा 2015मध्ये झाला, तेव्हा कुठे ते सुटलं.

चिऊची_आई
माझं मत दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं आहे. मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या विकारामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. तीन कंपन्यांनी पॉलिसीच दिली नाही. 2023मध्ये इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, दिव्यांगांसाठी पॉलिसी आणायला सांगितलं, पण ती परवडायलाही हवी ना! अशा मुलांसाठीच्या केंद्राच्या निरामय आरोग्य विमा योजनेचं 1 लाखाचं कवच आहे, ते थेरपी आणि दवाखान्यातच जातं.

आयआयटी मुंबईचं जेलो अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवून चिऊ पहिल्यांदा ‘नको’ म्हणाली तेव्हा मी रडले. दूध नको होतं तिला. सहा वर्षं मी ते पाजत होते. पण तिचा हात थरथरतो, त्यामुळे टॅब खुर्चीला बसवायचा स्टँड हवा, स्क्रीनवर बोटांसाठी खाचा असलेली पट्टी हवी, आणि मूल वाढतं तसं सगळं बदलावं लागतं. दर वेळी क्लेमच्या मागे कोण धावणार? मला जिल्ह्याच्या ठिकाणी साधन आणि दुरुस्ती देणारं केंद्र हवंय. विम्याच्या मागणीत आमच्यासारखी मुलं मागेच राहतील, ही माझी भीती आहे.

विमावाला
चिऊच्या आई, तुमचं पूर्ण पटलं. सातारकर, तुमच्या बाबतीत थोडं मागे येतो. डिस्चार्जनंतरच्या 60 किंवा 90 दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाला त्या मुदतीत, रकमेची मर्यादा घालून, एकदा यंत्र द्यायला माझी हरकत नाही. त्याचा हिशोब मांडता येतो. टॅबला विरोध कायम.

सातारकर
एवढं झालं तरी पुष्कळांचं भागेल. चिऊच्या आई, तुमची मागणी वेगळी आणि मोठी आहे, ती आमच्या मागणीत बुडायला नको. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना उलटला, उत्तर नाही. आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करतोय. तिथे फी लागत नाही. थेरपिस्टताई, यंत्र ही सोय नसून उपचार आहे, असं प्रमाणपत्रात नेमकं कसं लिहून घ्यायचं, सांगाल का?