लोणारच्या विवरात कुत्रं न्यायचा हट्ट कशापायी?

फुटाळ्याचा पक्षीवेडा (धागा सुरू केला)

आपल्या नागपूरच्या भटकंती गटात काल एका ताईंची पोस्ट फिरली. समृद्धी महामार्गानं लोणारला गेल्या, सोबत त्यांचा ब्रुनो. विवरात उतरायच्या वाटेवर वनरक्षकानं सांगितलं, कुत्रं खाली नेता येणार नाही. ताई आल्या पावली परतल्या आणि लिहिलं, ‘जिथे आमच्या लेकराला प्रवेश नाही, तिथे नागपूरकरांनी पाऊल टाकू नये.’ खाली बदामांचा पाऊस. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

उल्केचा खड्डा बघायला आपण जातो आणि त्या खड्ड्यात जंगल आहे हे विसरतो. 2000 सालापासून ते अभयारण्य आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, तेव्हा महाराष्ट्रातून आधी एकटं नांदूरमधमेश्वर होतं. आणि जागा केवढी? चार चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. ताडोब्यातलं जनावर बिथरलं तर पळायला मुलूख आहे. इथे चहूबाजूंनी उभी कड. मोर, घोरपड, टिटवी, सगळे त्या एका कढईत.

टिटवी अंडी उघड्या जमिनीवर खड्यांत घालते. अंबाझरीच्या काठावर एका मोकळ्या लॅब्राडोरनं तिचं घरटं तुडवलेलं मी पाहिलंय. त्यानं अंडी खाल्ली नाहीत, नुसता हुंगत गेला. जोडी अंधार पडेपर्यंत डोक्यावर ओरडत होती आणि मालक कानात हेडफोन घालून पुढे चालत होते.

2018 आठवा. गीरच्या दलखाणिया भागात वीसच्या वर सिंह गेले, त्यांच्यात कॅनाइन डिस्टेम्पर सापडला. कुत्र्यांचाच रोग. वनरक्षकानं त्याचं काम केलं. बहिष्कार कशाला?

ब्रुनोची आई

ती पोस्ट माझी. निदान ब्रुनोबद्दल विचारलं तरी असतं.

तो सात वर्षांचा आहे. पट्टा कधी सुटत नाही. लसींचं कार्ड गाडीत असतं. त्याची घाण मी स्वतः पिशवीत उचलते. त्याच वाटेवर गुटख्याच्या पुड्या टाकणाऱ्यांना कोणी अडवलं नाही. नवरात्रात कमळजा देवीला केवढी माणसं उतरतात! गोमुखाच्या झऱ्याजवळ चार भटकी कुत्री लोळत होती, त्यांची लस कोणी बघितली? अडवायचं कोणाला, तर पट्ट्यातल्याला.

आणि मी करायचं काय होतं? बंद गाडीत उन्हात ठेवून जाऊ? आम्हाला मूल नाही. तो आमच्या घरचा आहे. आमच्या कॉलनीच्या बागेत पाटी, ‘कुत्र्यांना मनाई’. तलावावर गेलं की लोक डोळे वटारतात. मग पाळीव कुत्र्यानं या शहरात पाय मोकळे करायचे कुठे?

गुराढोरांची डॉक्टर

रोज कुत्री तपासते, म्हणून दोन्हीकडच्यांना सांगते. दरवर्षी लस घेतलेलं कुत्रं डिस्टेम्पर घेऊन जंगलात जाईल ही शक्यता फार कमी. भाऊ, तो मुद्दा ब्रुनोला लागू करू नका.

पण ताई, लस तुमच्या कुत्र्याला वाचवते. त्याच्या अंगावरच्या गोचिडांवर, पोटातल्या जंतांवर ती चालत नाही. पार्वो या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि पंजाला लागून येतो.

उलटा धोकाही बघा. विवरातल्या तळ्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. दमलेलं कुत्रं दिसेल त्या पाण्याला तोंड लावतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. खाली उतरताना मजेत असतं, तापलेल्या काळ्या दगडावरून चढताना बसतं. मागच्या उन्हाळ्यात एक पग सहलीवरून थेट माझ्या टेबलावर आला, अंगाचा ताप 42 अंश सेल्सियसच्या वर. वाचला नाही. त्याच्या घरचेही म्हणत होते, तो आमच्या घरचा आहे.

मेहकरचा पोरगा

मी मूळचा तिकडचा, सध्या नागपुरात मानेवाड्याला राहतो. एक गोष्ट कोणी बोलतच नाही.

माझ्या आजोबांच्या शेळ्या कडेवरून आत उतरायच्या. अभयारण्य झालं, शेळ्या बंद. काडीमोडी आणणं बंद. आजोबांनी शेळ्या विकल्या. कुरकुर केली, पण ऐकलं. आता नागपूरहून एसी गाडीत कुत्रं येतं आणि त्याला आत सोडलं नाही म्हणून बहिष्कार! आमच्या शेळीचा नियम तुमच्या ब्रुनोला लागू झाला, एवढंच झालंय ताई.

आणि तुम्ही येणं बंद केल्यानं वनखात्याचं काही बिघडत नाही. पोहे आणि चहा विकणाऱ्या माझ्या मामीचं बिघडतं.

महालकर काका

लोणार राहू द्या बाप्पा. इथं आपल्या महाल भागात रात्री नऊनंतर गल्लीतून पायी येऊन दाखवा. ही सारी कुत्र्याची माया रस्त्यावर सांडून राह्यली आहे. एक बाई येते, पिशवीभर पोळ्या टाकते, निघून जाते. तिच्या घरासमोर एक कुत्रं नाही, अन् आमच्या दारात नऊ.

माह्या नातवाले गेल्या वर्षी चावलं. पोटरीचा लचका. एका दवाखान्यात गेलो तर सीरम नाही म्हणे, दुसरीकडे जा. पोराले कडेवर घेऊन मी अख्ख्या शहरात फिरलो. मग सुया. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या. पोरगं अजून सायकलवर एकटं जात नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं बरोबर सांगितलं होतं. खाऊ घालायचं तर दत्तक घ्या अन् घरी न्या, नाही तर दोनशे रुपये दंड.

रात्रीची पोळी

काका, अर्धं सांगू नका. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली आणि महापालिकेला खाऊ घालायच्या जागा ठरवायला सांगितलं. ऑगस्ट 2025 मध्येही दिल्लीच्या प्रकरणात तेच झालं. आधी सगळी उचला म्हणाले, मग अकरा दिवसांत बदललं: नसबंदी करा, लस टोचा, परत सोडा. पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून.

मी खाऊ घालते. माझ्या गल्लीतली अकरा कुत्री मी स्वतःच्या पगारातून नसबंदीला नेली. प्रत्येकाच्या कानाला नसबंदीची खाच आहे, येऊन बघा. खाऊ घातल्यामुळेच ती हाताला येतात, पकडता येतात. उपाशी कुत्रं कोणाच्या हाताला येतं का? तीन वर्षांत आमच्या गल्लीत एक पिल्लू जन्मलं नाही.

महालकर काका

तुमच्या गल्लीत नसतील जन्मली. माह्या गल्लीत काहून जन्मतात? पोळी टाकणारे शंभर अन् नसबंदीले नेणाऱ्या तुम्ही एकट्या.

रात्रीची पोळी

मग त्याचा राग माझ्यावर का? गेल्या महिन्यात एका गृहस्थानं माझ्या अंगावर काठी उगारली. बाईमाणूस रात्री एकटी उभी आहे, आणि चार घरांतून लोक बघत होते. कोणी खाली आलं नाही.

फुटाळ्याचा पक्षीवेडा

मंडळी, विषय लोणारचा आहे.

महालकर काका

विषय कुत्र्याचाच आहे. तुमची टिटवी मोठी, माहा नातू लहान?

फुटाळ्याचा पक्षीवेडा

असं मी कुठे म्हणालो? माझ्या तोंडी शब्द घालू नका, काका. नातवाला चावलं याचं मलाही वाईट वाटतं. पण त्यासाठी दुसरा धागा काढा.

ब्रुनोची आई

नाही, राहू द्या. काकांचं इथेच बरोबर आहे. मी हेच म्हणत होते. मोकळ्या कुत्र्यांचं कोणाला काही करता येत नाही, मग राग निघतो पट्टा धरणाऱ्यावर. आणि काका, त्या सुया मलाही बसल्या आहेत. ब्रुनोला वाचवताना रस्त्यावरच्या कुत्र्यानं माझ्याच हाताला धरलं. तरी रात्रीच्या पोळीवाल्या ताईंवर काठी उगारणं मला मान्य नाही.

गुराढोरांची डॉक्टर

काका, नातवाच्या सुया पूर्ण केल्यात हे फार बरं केलं. पहिल्या दोन घेऊन थांबणारे मी पाहते. ज्यांना चावलंय त्यांच्यासाठी लिहून ठेवते: जखम आधी पंधरा मिनिटं साबणानं, वाहत्या पाण्याखाली. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. रेबीज एकदा उमटला की माणूस हातचा गेला.

महालकर काका

चुना भरला होता आम्ही, डॉक्टरीनबाई. कोणी सांगितलंच नव्हतं.

मेहकरचा पोरगा

गोमुखाजवळच्या कुत्र्यांबद्दल ताई खरं बोलल्या, ते मी मान्य करतो. ती कुत्री देवळात येणाऱ्यांच्या प्रसादावर आणि आपल्या खरकट्यावर जगतात, रात्री खाली उतरतात. माझ्या चुलत्यानं त्यांना मोराच्या पिल्लामागे धावताना पाहिलंय. आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यात जास्त कुत्रीच निघाली. आपल्या शहरातही 2021 च्या उन्हाळ्यात बिबट्या फिरून गेला, विसरलात का?

फुटाळ्याचा पक्षीवेडा

ठीक. माझ्या पहिल्या लिखाणात मोकळ्या कुत्र्यांचा उल्लेख राहिला, आणि नुकसान त्यांचं जास्त आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 33अ मध्ये अभयारण्यापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गुराढोरांना लस टोचायची तरतूद आहे. तीच मोहीम गावच्या कुत्र्यांपर्यंत न्यायला हवी. डिस्टेम्परबद्दल डॉक्टरताईंचंही ऐकलं.

तरी ब्रुनोला आत सोडा असं मी म्हणणार नाही. फाटकावरचा माणूस प्रत्येकाचं लसीचं कार्ड वाचत बसू शकत नाही. एकाला सोडलं की दुसऱ्या रविवारी चाळीस येतील. आणि मोराला ब्रुनो पट्ट्यात आहे की मोकळा, हे कळत नाही. त्याला दिसतो तो लांडग्याचा भाऊबंद.

ब्रुनोची आई

पट्ट्याचा मुद्दा तुम्ही पहिल्यांदाच नीट सांगितलात. आधी थेट गीरला नेलंत.

बहिष्काराचं वाक्य मी काढते. मामींचा मी विचार केला नव्हता, आणि शेळ्यांचाही. पण वाटेच्या तोंडाशी पोचेपर्यंत कोणी सांगत नाही, हे चूकच. पाटी मेहकरच्या फाट्यावर हवी. आणि वर, सावलीत, कुत्र्याला दोन तास बांधायची, पाण्याची सोय हवी. पैसे घ्या त्याचे.

महालकर काका

अन् त्या सोयीत रस्त्यावरचे घुसले मंग?

मेहकरचा पोरगा

काका, थांबा जरा. ताई, मामीच्या टपरीमागे अंगण आहे, कडुनिंब आहे. बांधा तिथं. मामाच्या घरी आधीपासून कुत्रं आहे, ते म्हातारं आहे, भांडत नाही. पण सकाळी आठच्या आत या आणि दोघांतला एक जण वर ब्रुनोजवळ थांबा. मामीवर टाकून दोघंही खाली जाऊ नका.

ब्रुनोची आई

एक जण थांबेल. दिवाळीनंतर येऊ, ऊन उतरल्यावर. बागेच्या पाटीबद्दल मी महापालिकेत अर्ज देणार आहे, तो मात्र मागे घेणार नाही.

रात्रीची पोळी

त्या अर्जावर माझीही सही घ्या. आणि काका, तुमची गल्ली कोणती ते सांगा. नऊ आहेत म्हणालात ना? रविवारी मी पकडायला येते. पण तिथेही कोणी काठीवाला असेल तर त्याला आधी आत बोलावून ठेवा.

महालकर काका

या. पण पोळ्या आणू नका.

रात्रीची पोळी

पोळीशिवाय ती हाताला येणार नाहीत, काका.