भिगवणसाठी कॅमेरा: नवा १५०० डी, की वापरलेला डी ५६०० किंवा डी ७२००?

नदीसुरय
नमस्कार मंडळी. मी इंदापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की बहुतेक रविवारी पहाटे भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर असते. सात वर्षं ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स न बदलता येणारा झूमचा कॅमेरा, वापरते आहे. बसलेला चित्रबलाक त्यात छान येतो, पण माझा जीव नदी सुरयात अडकलाय. तो हवेत एका जागी थांबतो, मान खाली वळवतो, पंख मिटतो आणि पाण्यात सूर मारतो. मी बटण दाबते, तेव्हा पडद्यावर तो असतो. फोटोत फक्त उडालेलं पाणी. असे शेकडो फोटो साठलेत.

या महिन्यात भिशी माझ्या नावावर लागली आहे. लेन्ससकट ६० हजार, त्यापुढे एक रुपया नाही. चौकशी केली ती अशी: कॅनन १५०० डी नवा, दोन लेन्सच्या किटसह, पन्नाशीच्या आसपास. निकॉन डी ५६०० वापरलेला, १८-५५ आणि ७०-३०० मिमी लेन्ससकट ४२ हजार. आणि पुण्यात एकांकडे निकॉन डी ७२००, नुसती बॉडी (लेन्सशिवाय), ३४ हजार. दुकानदार म्हणतात नवा घ्या, वॉरंटी मिळेल. पुन्हा दहा वर्षं कॅमेरा घेणं व्हायचं नाही, म्हणून नीट सांगा.

शटरवाला
ताई, मी बावीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतोय. तुमचा फोटो हुकतो, कारण ब्रिज कॅमेऱ्यात डोळ्याला दिसणारं चित्र क्षणभर मागे असतं. डीएसएलआरमध्ये आरशातून थेट पक्षीच दिसतो, त्यामुळे तिन्हींपैकी काहीही घेतलंत तरी फरक कळेल. पण सुरयासाठी १५०० डी घेऊ नका. फोकसचे बिंदू ९, सेकंदाला ३ फ्रेम. पहिल्या फ्रेमला सुरय वर, दुसरीला पाण्यात. घरगुती समारंभाला तो कॅमेरा उत्तम आहे, पण तुमचं काम वेगळं आहे.

डी ५६०० ला ३९ बिंदू, ५ फ्रेम. डी ७२०० ला ५१ बिंदू, ६ फ्रेम. आकड्यांत थोडाच फरक दिसतो, पण डी ७२०० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे. त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स, अगदी जुनी ३०० एफ/४ सुद्धा, त्यावर आपोआप फोकस होते. डी ५६०० वर तीच लेन्स हाताने फिरवत बसावी लागते. उद्या लांबची लेन्स स्वस्तात मिळाली तर हीच गोष्ट कामी येईल.

बॉडी ३४ हजारांना घ्या, वापरलेली एएफ-एस ७०-३०० व्हीआर लेन्स (हिच्यात मोटर असते, हात हलला तरी सांभाळून घेते) शोधा. पन्नास-बावन्न हजारांत बसेल. नावेतून रोहितांसाठी ३०० पुरते.

पाणलावा
शटरवाले दादा बरोबर सांगतायत, पण वजनाचं बोला की. डी ७२०० बॅटरीसकट ७६५ ग्रॅम, डी ५६०० फक्त ४६५. वर लेन्स. नावेत दोन तास हात वर धरून बसायचं आहे ताईंना. मी डी ५६०० वरच खंड्या टिपलाय, सूर मारताना. शटरचा वेग १/२००० सेकंदावर ठेवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. माझे सगळे हुकलेले फोटो १/५०० चे होते, बॉडी बदलून त्यात काही झालं नसतं.

माडबन
मी रत्नागिरीकडची. बॉडी कुठलीही घ्या, वापरलेली लेन्स मात्र टॉर्च लावून बघा. पुढून उजेड टाकायचा आणि मागून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळीसारखे बारीक पांढरे धागे दिसले की ती बुरशी. कितीही स्वस्त असो, परत द्या. माझी लेन्स एका पावसाळ्यात गेली, कातडी पिशवीत कपाटात ठेवली होती म्हणून. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवते. आठ हजार उरतील त्यातून आधी डबा घ्या.

शटरवाला
एक राहिलं. त्या डी ७२०० चं शटर किती वेळा उडालंय ते विचारू नका, स्वतः बघा. निकॉन तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहितो. फक्त फाइल मूळ हवी, व्हॉट्सॅपवरून आलेली चालत नाही. शटर दीड लाख वेळा उडण्यासाठी तपासलेलं असतं. तो आकडा सत्तर-ऐंशी हजारांपर्यंत असेल तर बिनधास्त घ्या.

नदीसुरय
सगळ्यांचे मनापासून आभार. वजनाचं मनाला लागलं होतं, म्हणून काल किलोभर तांदळाची पिशवी डोळ्यापाशी धरून बघितली. दहा मिनिटांनी खांदा भरून आला, पण मध्येमध्ये खाली ठेवलं तर जमतंय. आणि सुरय काही सलग दोन तास सूर मारत नाही.

डी ७२०० चं ठरवते आहे. शनिवारी पुण्याला जाते. सोबत टॉर्च आणि माझं कार्ड. त्यांच्याच दारात एक फोटो काढून आकडा बघते. ऐंशी हजारांच्या वर निघाला, तर परत येताना डी ५६०० वाल्यांकडे थांबेन. ब्रिज कॅमेऱ्यावर १/२००० मात्र या रविवारीच लावून बघणार आहे.