गावच्या खंजिरी भजन मंडळाचा ऑनलाइन प्रचार कसा करावा? (खर्चाची मर्यादा ६,००० रुपये)

मंडळाचा_सचिव
जय गुरुदेव. आर्वी तालुक्यातील आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजन मंडळ आहे. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना अजून चुकत नाही. परंतु सतरंजीवर तिशीच्या आतला माणूस शोधावा लागतो, कारण मुले नागपूर-पुण्याला गेली आणि गावात राहिलेली चौकात मोबाइल पाहत बसतात. मंडळ इंटरनेटवर न्यावे, असे बैठकीत ठरले असून त्यासाठी ६,००० रुपये मंजूर झाले आहेत. यूट्यूब, फेसबुक की वेबसाइट? आम्हाला प्रेक्षक नकोत, सदस्य हवेत. काही ज्येष्ठांचा आणि महिला सदस्यांचा चेहरा दाखवण्यास विरोध आहे, हेही ध्यानात घ्यावे.

संत्राबागायतदार
सचिवसाहेब, आमच्या मंडळाने कॅमेरा, दोन लेन्स, तिवई आणि दिवे असा संच घेतला. खर्च साठ हजारांच्या पुढे गेला, परंतु पुण्यतिथीच्या कार्यक्रमाचे चित्रण पाहून शेजारच्या गावाने तोंडात बोट घातले. ६,००० रुपयांत काहीतरी उरकण्यापेक्षा वर्गणी वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कपाशीवाला
वेबसाइटच्या नादी लागू नका. आमची वेबसाइट तालुक्याच्या ठिकाणच्या एका मुलाने बनवली आणि तिचे नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवले. वर्षभराने नूतनीकरणाचे पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. वेबसाइट करायचीच असेल, तर नावाची नोंदणी मंडळाच्या ईमेलवर आणि मंडळाच्या नावानेच करून घ्यावी. त्या पैशांत आमची नवी सतरंजी झाली असती.

खंजिरीवादक
संत्राबागायतदार भाऊंचा कॅमेरा चांगलाच असेल, पण भजन ऐकायचे असते. खंजिरीची थाप आणि तिच्या चकत्यांचा झणत्कार मोबाइलच्या माइकला झेपत नाही. थाप जोरात पडली की आवाज फाटतो आणि गायक मागे पडतो. बोया कंपनीचा वायरचा कॉलर माइक हजाराच्या आसपास मिळतो. तो गायकाजवळ ठेवावा आणि खंजिरीवाल्यांना चार हात मागे बसवावे. बिनतारी माइक घेतल्यास त्यातील गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवावी, कारण ती खंजिरीलाच गोंगाट समजते.

निवृत्त_मास्तर
एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. आपल्या कायद्यानुसार लेखनावरील हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. महाराजांचे निर्वाण १९६८ सालचे, म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क २०२८ अखेरपर्यंत राहतो. त्यामुळे त्या रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसारित करण्यापूर्वी हक्कधारकांची लेखी परवानगी घेणे शहाणपणाचे ठरेल. तुकोबांच्या अभंगांना ही अडचण नाही; मात्र ते एखाद्या चित्रपटातील चालीवर गायल्यास त्या चालीवर कोणीतरी दावा सांगू शकतो.

संत्राबागायतदार
गुरुजी, महाराजांचे भजन घराघरांतले आहे, त्याला कसली परवानगी? आम्ही इतकी चित्रणे टाकली, आजवर कोणी विचारले नाही.

निवृत्त_मास्तर
कोणी विचारले नाही म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ होत नाही. धार्मिक कार्यक्रमात गाण्याला कायद्याने सूट दिली आहे. त्याचे ध्वनिमुद्रण करून जगभर पाठवणे ही निराळी बाब आहे.

चौकातला_चहा
मीही हेच सांगणार होतो. वेबसाइट नको, माइक घ्या, आणि जमल्यास कॅमेराही घ्या.

पुण्यातली_वऱ्हाडी
दादा, ज्यांना तुम्ही परत बोलावू पाहता त्यांपैकी मी एक आहे, म्हणून सांगते. यूट्यूबवर फोन क्रमांकाची पडताळणी केल्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठे चित्रण चढत नाही आणि मोबाइलवरून थेट प्रक्षेपणासाठी चॅनलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात, हे आधीच माहीत असू द्या. तासभराचे चित्रण मी पाहणार नाही. पण गावातल्या ओळखीच्या आवाजातला एक अभंग बसमध्ये नक्की ऐकेन. गावच्या ग्रुपवर तो टाकू नका, तिथे शुभ सकाळच्या फुलांखाली तो दबून जाईल. व्हॉट्सअ‍ॅपचे चॅनल काढा. त्यात सदस्यांचे फोन क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे घरच्या बायकाही निर्धास्तपणे जोडल्या जातील.

कपाशीवाला
चॅनलवर वर्गणीसाठी कोणाच्या तरी खासगी खात्याचा क्यूआर कोड टाकू नका, इतके मात्र करा. आमच्या गावात त्यावरून दोन तट पडले आणि अजून एका पंगतीला बसत नाहीत.

मंडळाचा_सचिव
सर्वांचे आभार. काल बैठक झाली. कॅमेरा, यूट्यूब आणि वेबसाइट यांपैकी काहीही करायचे नाही, असे ठरले. वायरचा एक माइक घेऊ आणि उरलेल्या रकमेतून मुलांसाठी खंजिऱ्या घेऊ, कारण मोबाइलवर ऐकून एखादा मुलगा प्रार्थनेला आलाच, तर त्याच्या हाती द्यायला मंडळाकडे आज एकही जादा खंजिरी नाही. चॅनलवर दर गुरुवारी एक ध्वनिमुद्रण जाईल. चेहरा दिसणार नसल्याने ज्येष्ठांनी होकार दिला. परवानगीचे पत्र लिहायला घेतले आहे. उत्तर येईपर्यंत तुकोबांचे अभंग आमच्या जुन्या चालींत गाऊ. वर्गणी पूर्वीप्रमाणे पावतीपुस्तकावरच घेऊ.

संत्राबागायतदार
निर्णय तुमचा आहे. तथापि खंजिऱ्या कोणत्याही यात्रेत मिळतात, आमच्यासारखा कॅमेरा मिळत नाही. पुण्यतिथीला लागलाच तर कळवा. भाडे घेणार नाही, फक्त तो चालवायला आमचाच माणूस येईल.