फ्लॅश ९.०.१२४ नंतर बंद पडलेले सोप कॉल: पॉलिसी फाइल सुधारायची की प्रॉक्सी लावायचा?

मूळ मत
(फ्लॅश प्लेयर हा ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि ॲप चालवणारा ॲडोबीचा प्लगइन होता. तो २०२०अखेर बंद झाला; ही चर्चा त्याच्या काळातली आहे.) एप्रिल २००८च्या फ्लॅश प्लेयर ९.०.१२४.० अपडेटनंतर दुसऱ्या डोमेनवरच्या सोप सर्व्हिसचे (एक्सएमएल संदेशांनी चालणाऱ्या वेब सर्व्हिसचे) कॉल बंद पडू लागले. खूण सोपी आहे: डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसमध्ये कोणती ऑपरेशन्स आहेत ते सांगणारी फाइल) नीट लोड होतो, पण ऑपरेशन कॉल केलं की फ्लेक्समध्ये (फ्लॅश ॲप बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये) 'चॅनेल.सिक्युरिटी.एरर' येतो. डब्ल्यूएसडीएल साध्या गेट विनंतीने येतो. ऑपरेशनच्या पोस्ट विनंतीबरोबर मात्र कोणतं ऑपरेशन हवं ते सांगणारा सोपॲक्शन हेडर जातो, आणि त्याला या अपडेटपासून वेगळी परवानगी लागते. सर्व्हिसच्या सर्व्हरवर, रूटमधल्या क्रॉसडोमेन.एक्सएमएलमध्ये (बाहेरच्या कोणत्या डोमेनना काय करता येईल ते सांगणाऱ्या पॉलिसी फाइलमध्ये) 'अलाऊ-एचटीटीपी-रिक्वेस्ट-हेडर्स-फ्रॉम' टॅग घाला. जुना 'अलाऊ-ॲक्सेस-फ्रॉम' काढू नका: तो उत्तर वाचू देतो, नवा हेडर पाठवू देतो. प्रॉक्सीची, म्हणजे आपल्या सर्व्हरवरून कॉल पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थाची, गरजच नाही.

प्रतिसाद १
टॅग बरोबर, पण डोमेन आणि हेडर्स दोन्हीकडे तारांकन (*, म्हणजे 'सगळे') टाकून लोक मोकळे होतात, ते घातक आहे. लॉगिन कुकीवर चालत असेल, तर कुठल्याही साइटवरची एसडब्ल्यूएफ (फ्लॅशची प्रोग्राम फाइल) त्या वापरकर्त्याच्या नावाने कॉल करून उत्तरही वाचेल. हेडर्समध्ये फक्त सोपॲक्शन लिहा, आणि डोमेनमध्ये एसडब्ल्यूएफ जिथून येते तेवढंच होस्टनाव.

प्रतिसाद २
मुळात हा अपडेटच चुकीचा वाटतो. सोपॲक्शन नेहमीचा हेडर आहे. त्याला सूट द्यायला हवी होती.

प्रतिसाद ३
नेमकी त्यालाच सूट देता येत नाही. यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राउटरची सेटिंग आपोआप बदलू देणारी सोय) चालू असलेला घरचा राउटर सोप कॉलनेच पोर्ट उघडतो, आणि तेही पासवर्ड न विचारता. नुसतं एखादं पान उघडल्यावर त्यातली एसडब्ल्यूएफ सोपॲक्शन लावून राउटरला हुकूम देऊ शकत होती. ते भोक बुजवणं भागच होतं, म्हणून जुना प्लेयर परत टाकायचा सल्ला कुणी देऊ नये.

प्रतिसाद ४
सर्व्हिस दुसऱ्याची असेल, तर तिथल्या रूटला हात लावता येत नाही. मग प्रॉक्सीला पर्याय नाही. तो एसडब्ल्यूएफच्याच डोमेनवर ठेवा, म्हणजे पॉलिसीचा प्रश्नच येत नाही. फक्त पुढचा पत्ता प्रॉक्सीतच पक्का लिहा. तो ब्राउझरकडून पॅरामीटरने घेतलात, तर कुणीही तुमच्या सर्व्हरमधून हवं ते मागवेल.

मूळ मत मांडणारा
मान्य. दुसऱ्याच्या सर्व्हिसला प्रॉक्सीच हवा.

टॅग घालूनही चालत नसेल, तर डीबग प्लेयर (चुका शोधण्यासाठीची फ्लॅश प्लेयरची आवृत्ती) घ्या आणि त्याच्या एमएम.सीएफजी या सेटिंग फाइलमध्ये 'पॉलिसीफाइललॉग=१' लिहा. कुठली पॉलिसी फाइल का नाकारली, ते लॉगमध्ये स्पष्ट येतं. त्याआधी ब्राउझरची कॅशे रिकामी करा, जुनीच क्रॉसडोमेन.एक्सएमएल वापरली जात असते. पान एचटीटीपीवर आणि सर्व्हिस एचटीटीपीएसवर असेल, तरीही कॉल अडतो. तिथे पॉलिसी फाइलमध्ये 'सिक्युअर=फॉल्स' टाकून ही अट सैल करण्यापेक्षा एसडब्ल्यूएफच एचटीटीपीएसवरून द्या.