मिक्सिंग शिकायचं तर जाणत्या इंजिनिअरच्या शेजारी बसूनच?

फेडरवाला:
तीन वर्षं व्हिडिओ बघून मिक्सिंग, म्हणजे गाण्याचे सुटे ट्रॅक जुळवून एक करणं, शिकलो. मग आठ महिने एका मुरलेल्या इंजिनिअरच्या मागे खुर्ची टाकून बसलो आणि आधीच्या तीन वर्षांची लाज वाटली. पहिल्या दिवशी त्यांनी वीस मिनिटं नुसते फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणारे सरकते खटके, वरखाली केले. आवाजावर प्रक्रिया करणारा एकही प्लगिन उघडला नाही. मी एव्हाना किक ड्रमवर आवाजाचे चढउतार दाबणारे तीन कॉम्प्रेसर चढवले असते!

गायिकेचा आवाज दबत होता. मी म्हटलं, ३ किलोहर्ट्झला वाढवू या. त्यांनी आवाजाला हातच लावला नाही. गिटारचा तोच पट्टा दोन डेसिबलने खाली घेतला आणि गायिका पुढे आली. मास्किंगची, म्हणजे एका आवाजाने दुसरा झाकण्याची, व्याख्या मला पाठ होती, पण ती कुठे लावायची ते कळत नव्हतं. व्हिडिओत माणूस काय करतो ते दिसतं. काय करायचं टाळतो, ते शेजारी बसल्यावरच दिसतं.

रात्रपाळी:
नशीबवान आहात. मला एका स्टुडिओत सहा महिने केबल गुंडाळायला ठेवलं होतं. मिक्स सुरू झाला की दार बंद. फुकट राबवून घेण्याला शिकवणं म्हणतात, एवढंच मी तिथे शिकलो. व्हिडिओ निदान दार लावत नाही, आणि तेच वाक्य दहा वेळा मागे नेऊन ऐकू देतो.

शिवाय गुरूच्या खोडीही अंगाला चिकटतात. ड्रमचा गेटेड रिव्हर्ब, म्हणजे एकदम तोडलेला घुमारा, कुणी शिकवला होता? पीटर गॅब्रिएलच्या १९८०च्या अल्बमच्या वेळी फिल कॉलिन्सचे ड्रम टॉकबॅक माइकच्या (वादकांशी बोलण्यासाठीच्या) जबर कॉम्प्रेशनमधून चुकून ऐकू आले, इंजिनिअर ह्यू पॅजमने ते पकडले. नियमाने चालला असता तर बटण बंद करून मोकळा झाला असता.

कानसेन:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. पॅजम काही नवखा नव्हता. चुका सगळ्यांच्या हातून होतात, त्यातली ठेवण्यासारखी कोणती हे तयार कानालाच कळतं. बीटल्सचा इंजिनिअर जेफ एमेरिकने १९६६मध्ये लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला, तेव्हा तो विशीत होता. पण १९६२पासून तो त्याच स्टुडिओत हाताखाली काम करत होता.

दार बंद ठेवणाऱ्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. असल्यांना शिक्षक म्हणूच नये.

मोनो_बटण:
तुम्ही कोणत्या खोलीत ऐकता ते आधी सांगा. चार भिंती उघड्या, कोपऱ्यात बास साचतोय, त्यात गुरू काय करणार? यामाहाचे एनएस-१० स्पीकर १९७८मध्ये आले. कानाला मुळीच गोड नाहीत, तरी स्टुडिओंत वर्षानुवर्षं टिकले, कारण त्यांच्यावर जमलेला मिक्स बाहेर कुठेही बरा वाजतो हे लोकांना अनुभवाने माहीत होतं. आणि आवाज कमी ठेवून ऐका. हळू ऐकताना कानाला बास कमी लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच मोजून दाखवलंय. मोठ्याने ऐकलं की सगळंच छान वाटतं.

रात्रपाळी:
बघा, हे तुम्ही चार ओळींत सांगितलंत. त्यासाठी आठ महिने खुर्ची कशाला?

फेडरवाला:
त्या चार ओळी मीही वाचल्या होत्या हो. तरी रोज रात्री व्हॉल्यूम चढवत होतो आणि सकाळी बास गायब सापडत होता. त्यांनी शेजारून हात घालून नॉब खाली आणला, तोही एकदा नाही, निदान चाळीसदा. तेव्हा कुठे सवय सुटली. चिडायचो मी.

रात्रपाळी:
मग करून बघू. एकच मल्टिट्रॅक, म्हणजे एका गाण्याचे सुटे ट्रॅक, घेऊ, दोघं मिक्स करू आणि नावं झाकून इथे टाकू. कानसेन सांगतील खुर्चीवाला कोण ते.

फेडरवाला:
चालेल. फक्त दोन्हींची लाउडनेस सारखी करून टाकायची. मोठ्याने वाजणारा नेहमीच जिंकतो, आणि ती मोजणार मोनो_बटण, तुम्ही नाही.