कायद्यातले जुने शब्द बदलायचे की कलमंच?

वरोरेकर:
भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांना उचलून वेगळं ठेवायचा इंग्रजांचा १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट केंद्राने रद्द केला २०१६ ला! कुष्ठरोगावरच्या एमडीटीच्या (अनेक औषधं एकत्र) गोळ्या १९८० च्या दशकापासून आहेत, सहा महिने नाहीतर वर्षभर घेतल्या की माणूस बरा होतो, तरी हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून 'असाध्य कुष्ठरोग' २०१९ पर्यंत होताच. राहिलेल्या सगळ्या कायद्यांतून असे शब्द एकदाच काढून टाका.

कोर्टकचेरी:
नाही पटत. २०१९ ला शब्द नाही बदलला, पाच कायद्यांतून कारणच काढलं, म्हणून फरक पडला. नुसता शब्द बदलला असता तर 'कुष्ठबाधित व्यक्ती' असं सभ्यपणे लिहून तोच घटस्फोट मिळाला असता. भीक प्रतिबंधाचा १९५९ चा मुंबईचा मूळ कायदा वाचा, जखम किंवा व्यंग दाखवून पैसे मागणं व्याख्येतच, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबायची तरतूद. दिल्ली हायकोर्टाने २०१८ ला त्यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली ती शब्द वाईट होते म्हणून नाही, गरिबीलाच गुन्हा ठरवलं म्हणून.

माणिकताई:
दादा, कलमाचं खरंय पण शब्दाला कमी नका लेखू. माझी आत्या पूर्ण बरी झालेली, फक्त दोन बोटं वाकडी राहिली. एका ऑफिसात फॉर्मवर 'महारोगी आहे काय' असा रकाना, क्लार्कने तो मोठ्याने वाचला आणि रांगेतली माणसं मागे सरकली. त्याने तो प्रश्न मनाने नव्हता काढला हो, फॉर्मवर छापलेलाच होता. आत्या परत तिथे गेलीच नाही.

वरोरेकर:
हेच म्हणतोय मी. कलम बदलायला वर्षं लागतात, तोवर आत्यांसारख्यांनी ऐकत राहायचं का?

कोर्टकचेरी:
त्या फॉर्मबद्दल मलाही संताप येतो, तो उद्याच बदला, त्याला संसद लागत नाही. पण कायद्यात शब्द बदलला की सरकार काम झालं म्हणून मोकळं होतं. मनोरुग्णांबद्दलचा १९१२ चा लुनसी अ‍ॅक्ट (वेडेपणाचा कायदा) जाऊन १९८७ चा आला, मग २०१७ चा, प्रत्येक वेळी भाषा सुधारली. तरी घटनेच्या १०२ व्या कलमात 'अनसाउंड माइंड' (मन ठिकाणावर नसलेला) म्हणून खासदारकीची अपात्रता आहेच आणि विवाह कायद्यातही मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहेच.

माणिकताई:
मग काढायच्या शब्दांची यादी करतानाच प्रत्येक शब्दासमोर लिहा ना, की या कलमाने माणसाचा कुठला हक्क जातो.

कोर्टकचेरी:
अशी यादी असेल तर माझा पाठिंबा. सुरुवात भीक कायद्यातल्या डांबण्यापासून करा.